घर बंद

सुरगाणा तालुक्यातल्या माझ्या पहिल्या पाहणीच्या फॉर्मांवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले शब्द होते 'घर बंद'. बाळ जन्मल्यापासून वर्षाचं होईपर्यंत त्याला कुठली लस कधी मिळाली, आशाताई किती वेळा घरी येऊन गेल्या, एवढंच मला पाहायचं होतं. पावसाळ्यात नावं नोंदवली तेव्हा प्रत्येक घरात कुणी ना कुणी भेटलं. दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला गेले तर दारांना कड्या, चुली थंड, अंगणात कोंबडीसुद्धा नाही. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने 'घर बंद' लिहायचं, तारीख टाकायची आणि पुढच्या पाड्याची वाट धरायची. दोन हंगाम मी हेच केलं.

माणसं कुठे गेली, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नाशिकमध्ये राहणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतं. भात कापून झालं, नागली घरात आली की सुरगाणा, पेठ, हरसूलकडची कुटुंबं दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षमळ्यांत कामाला उतरतात. डिपिंग, थिनिंग, मग काढणी. होळीला गावाकडे येतात, काही जण पुन्हा परततात. नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. 1998 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ म्हणजे राज्यातल्या मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा बहुतेक कॉलेजांचं मुख्य घर. हाच रस्ता पुढे दिंडोरी, वणी करत सुरगाण्याकडे वळतो. हंगामात माणसांनी भरलेल्या पिकअप या रस्त्याला दिसतात. बायांच्या मांडीवर बाळं असतात. त्यातलं एखादं माझ्या यादीतलं असेल, हे मनात यायचं आणि मी सुरगाण्याला जाऊन त्याच्या बंद दाराची नोंद करून यायचे.

या कोड्याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांना मी विचारलं नाही. का विचारलं नाही, तेच आज लिहायचं आहे.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं आडवळणाच्या गावांत गेली. सोयीच्या गावाची बदली कुणाला मिळायची आणि कशी मिळायची, हे आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला बोललं जायचं. कुणाचा मेहुणा सभापतीकडे, कुणी दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन गेलेलं. वडील कुणाच्या दारात गेले नाहीत. मला त्यांनी दुसरा कुठलाही उपदेश केलेला आठवत नाही, पण हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं, की आपण नीट काम करायचं, ओळखी लावत फिरायचं नाही. माझ्या लेखी 'ओळख' या शब्दाला तेव्हापासून वशिल्याचा वास होता. मेडिकलला आले, पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एमडी केलं, संशोधनाला लागले, तरी तो वास गेला नाही.

परिषदांमध्ये मी तरुण सहकाऱ्यांना पाहायचे. मोठ्या नावाचे प्राध्यापक सभागृहातून बाहेर आले की त्यांच्याभोवती कडं व्हायचं. कार्डांची देवाणघेवाण, सेल्फी, 'सर, तुमचा पेपर वाचला' हे वाक्य. जागतिक आरोग्य म्हणून जे क्षेत्र आहे, त्यात शिरायचं तर 'नेटवर्किंग' शिकावंच लागतं, असं कार्यशाळांमध्येही सांगायचे. चहाच्या वेळात काय बोलावं, मेल कसा लिहावा, अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख कशी करून द्यावी. मी वहीत काहीही न लिहिता बसून राहायचे. हे सगळं मला तेच जुनं, मिठाईच्या बॉक्सचं प्रकरण वाटायचं, फक्त इंग्रजीतलं.

आणि इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. त्या तिरस्कारात तत्त्व होतं, पण सगळं तत्त्व नव्हतं. मराठी माध्यमातून आलेली मी. पेपर इंग्रजीत लिहिते, शिकवतेही इंग्रजीत, पण उभ्या उभ्या हसत-बोलत गप्पा माराव्यात असं इंग्रजी माझ्या जिभेवर नव्हतं. त्या कड्यात शिरायची मला भीती वाटायची. भीती कबूल करण्यापेक्षा 'मला असल्या गोष्टींत रस नाही' म्हणणं सोपं होतं, आणि त्याला वडिलांच्या शब्दांचा आधारही होता.

दुसऱ्या हंगामानंतर एका राज्यस्तरीय परिषदेत माझं पोस्टर होतं. नळकांड्यात गुंडाळून एसटीने नेलं, सकाळी फळीवर चारही कोपरे नीट ताणून लावलं. दोन तास पोस्टरजवळ उभं राहायचं असा नियम होता. मी अर्धा तास थांबले असेन. कुणी आलं नाही, मग मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन डबा खाल्ला. माझ्या फळीपासून तिसऱ्या फळीवर मराठवाड्यातल्या एका संशोधक मुलीचं पोस्टर होतं, ऊसतोड कुटुंबांतल्या तान्ह्या बाळांच्या लसीकरणावर. ते मी पाहिलंसुद्धा नाही. हे मला कळलं दीड वर्षाने. मी एका नियतकालिकाला पेपर पाठवला होता. तपासणाऱ्याने तो परत पाठवला आणि लिहिलं, की यातली इतकी बाळं हातची गेली असताना निष्कर्ष कशाच्या जोरावर काढले; हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा मागोवा घेण्याच्या पद्धती आता आपल्याकडे आहेत, त्या पाहाव्यात. खाली एका लेखाचं नाव दिलं होतं. लेखिकेचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून परिषदेची जुनी पुस्तिका काढली. पोस्टरांच्या यादीत तिच्या आणि माझ्या नावात दोनच नावं होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पेपर परत आल्याचं दुःख होतंच. पण गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते, पेंटा लसीची तिसरी चौदा आठवड्यांनी, आणि माझ्या यादीतली कितीतरी बाळं नेमकी त्या वयात मळ्यावर होती. त्यांची मात्रा चुकली, उशिरा झाली की वेळेवर झाली, हे मी सांगू शकत नव्हते. आजही सांगू शकत नाही. माझ्याकडे निळ्या पेनाने लिहिलेले दोन शब्द आहेत, बस्स.

तिला मेल लिहायला मला अकरा दिवस लागले. आधी इंग्रजीत लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आधी तिच्या लेखाची स्तुती करावी की थेट प्रश्न विचारावा, हेच ठरेना. स्तुती केली की ते कडं डोळ्यासमोर यायचं. शेवटी सरळ मराठीत लिहिलं. मी कोण, काय करते, कुठे अडले, आणि तुमचं रजिस्टर कसं होतं ते पाहायला मिळेल का. अर्ध्या तासात व्हॉइस नोट आली. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "अहो मॅडम, घर कशाला शोधता? टोळी शोधा की. घर सुटतं, टोळी सुटत नाही." पाठोपाठ रजिस्टरच्या एका पानाचा फोटो आला.

ते पान मी कितीतरी वेळ पाहत होते. माझ्या फॉर्मात जे होतं ते सगळं त्यात होतं, फक्त उजव्या बाजूला तीन रकाने जास्त होते: 'हंगामात कुठे', 'टोळीचा मुकादम', 'तिथली आशा'. उसात मुकादम उचल देतो, त्यामुळे कोणतं कुटुंब कुठल्या कारखान्याच्या हद्दीत जाणार हे त्याला हंगामाआधीच माहीत असतं. तिने बाळांची नोंद गावावरून न लावता मुकादमांवरून लावली होती. द्राक्षाच्या मळ्यांत उचलीची रीत अगदी तशीच नसली तरी टोळ्या असतात, मुकादम असतो, एकरावर ठेका ठरतो. म्हणजे तिची पद्धत थोडी बदलून इथे चालणार होती. दोन वर्षं मी ज्या भिंतीपाशी उभी होते, तिला दार होतं.

पुढच्याच आठवड्यात सुरगाण्याला गेले आणि माझ्यासोबत पहिल्यापासून हिंडणाऱ्या आशाताईंना शाळेच्या ओट्यावर बसून ते तीन रकाने दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि खांद्यावरच्या पिशवीतून डायरी काढली. शेवटच्या पानावर त्यांच्या हातचं होतं: जानोरी आशा, मोहाडी आशा, पिंपळगाव आशा, पुढे फोन नंबर. दोन मुकादमांचेही होते. गावातलं बाळ मळ्यावर गेलं की त्या तिकडच्या आशाला फोन लावत, 'आमची पोरगी तुमच्याकडे आलीये, तिच्या बाळाचं तिसरं पेंटा राहिलंय, कार्ड तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, बघ तेवढं.' आणि तिकडची आशा मळ्यावर जाऊन बघायची. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"ताई, हे मला आधी नाही सांगितलंत," मी म्हटलं.

"तुमच्या फॉर्मात तसा रकाना कुठे होता, मॅडम?"

माझं मत बदललं ते तिथे, त्या ओट्यावर. नेटवर्किंग हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल, पण मी ज्याला कामापलीकडचा, कामाला डाग लावणारा उद्योग समजत होते, तोच त्यांच्या कामाचा कणा होता. कुणाला काय माहीत आहे हे माहीत असणं, त्याला संकोच न करता विचारणं, आणि त्याने विचारलं तर उत्तर देणं, हा माझ्या संशोधनाच्या पद्धतीचाच भाग असायला हवा होता. नमुना किती घ्यायचा याचं गणित मी चार वेळा तपासलं होतं. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला आहे का, हे मी एकदाही तपासलं नाही.

त्यानंतर मी जुन्या गोष्टी पुन्हा वाचायला घेतल्या. आनंदीबाई जोशींची गोष्ट शाळेपासून माहीत होती, पण त्यातल्या एका तपशिलाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्याने धर्मांतराची अट सुचवली. मदत अशी मिळाली नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला, आणि 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी तो वाचला, असं सांगतात. त्यांनी कल्याणच्या त्या मुलीला आपणहून पत्र लिहिलं. 1883 साली आनंदीबाई बोटीने निघाल्या, 1886 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. ज्याला लिहिलं त्याने नाही, भलत्याच व्यक्तीने दार उघडलं. आपला प्रश्न उघड्यावर मांडला होता म्हणून ते घडलं. माझा प्रश्न मी पोस्टरवर मांडला आणि पायऱ्यांवर जाऊन बसले.

आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्यातल्या मोठ्या माणसांकडेही मी एकेकटे लढणारे म्हणूनच पाहत आले होते. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत, रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडमध्ये. चित्र असं, की माणूस शहर सोडून आडगावात जातो, मान खाली घालून काम करतो आणि एक दिवस जग दखल घेतं. दखल अशी आपोआप घेतली जात नाही. आरोळे दांपत्य 1970 साली जामखेडला आलं त्याआधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलं होतं. पुढे बंग दांपत्यही तिथेच शिकलं. दोघांनाही तिथे कार्ल टेलर भेटले, जन्माने भारतातले, पंजाबातल्या नारंगवालला काम केलेले. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. खडबडीत माळावरचं काम तिथवर पोहोचलं, कारण आरोळ्यांनी ते लिहिलं, लोकांना बोलावून दाखवलं, येणाऱ्याला खेड्यातल्या आरोग्यसेविकेसमोर बसवलं.

गडचिरोलीचं तर त्याहून स्पष्ट आहे. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, आणि 1999 च्या डिसेंबरात ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. देशभरच्या आशांकडे हे काम सरकारने सोपवलं 2011 साली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला जाते, त्याचं मूळ तिथे आहे. मधली बारा वर्षं लेख नुसता कपाटात पडून असता तर तो तिच्या पिशवीतल्या थर्मामीटरपर्यंत पोहोचला नसता. महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी आपापल्या भागात ते करून पाहिलं, एकमेकांना अडचणी सांगितल्या, शंका घेणाऱ्यांना आकडे दाखवले. त्या बारा वर्षांना मी पूर्वी 'प्रचार' म्हटलं असतं.

सगळ्यात जास्त मला भिडला तो मेडिको फ्रेंड सर्कल. 1974 साली सुरू झालेला डॉक्टरांचा आणि आरोग्य कार्यकर्त्यांचा हा गट. नावातच 'फ्रेंड' आहे. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, सभासदांच्या वर्गणीवर चालवायचं. वर्षातून एकदा जमायचं, बहुतेक वेळा सेवाग्रामला. टिपणं आधीच वाटायची आणि प्रत्यक्ष भेटीत निबंधवाचन न करता गोल बसून वाद घालायचा. आडबाजूला काम करणाऱ्या तरुण डॉक्टराला आपल्यासारखे आणखी आहेत हे तिथे कळायचं, आणि आपलं कुठे चुकतंय हेही तोंडावर ऐकायला मिळायचं. माझ्या वडिलांना हा प्रकार आवडला असता असं मला मनापासून वाटतं. त्यांचा राग ओळखीवर नव्हता. दुसऱ्याच्या हक्काचं काढून घेणाऱ्या ओळखीवर होता. तो फरक मी कधी केलाच नाही.

आमच्या राज्यात किती मोठं काम एकमेकांच्या नजरेआड पडून आहे, याचा विचार केला की जीव कासावीस होतो. प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत, एमडीचे प्रबंध उभे असतात. आदिवासी मुलींमधला रक्तक्षय, आश्रमशाळेतली खरूज, मळ्यात फवारणी करणाऱ्यांचे हात आणि डोळे. एका जिल्ह्यातल्या मुलाने जे तीन वर्षं खपून शोधलं, तेच शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी पुढच्या वर्षी नव्याने शोधायला निघते, तीच प्रश्नावली, त्याच चुका. आयसीएमआरच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीत एमबीबीएसची मुलं दोन महिने संशोधन करतात. किती जणांना माहीत असतं की आपल्याच विषयावर पलीकडच्या कॉलेजात कोण बसलं आहे? हजारो विद्यार्थ्यांना नाशिक ठाऊक आहे ते आरोग्य विद्यापीठाच्या मार्कशीट आणि पदवीवरच्या पत्त्यापुरतं. त्याच पत्त्यावर ही मुलं एकमेकांना भेटू शकतील, तर त्यांच्यातल्या निम्म्यांना माझ्यासारखे दोन हंगाम वाया घालवावे लागणार नाहीत.

माझे सगळे आक्षेप मावळले आहेत असं मात्र नाही. न केलेल्या कामावर वरिष्ठाचं नाव लेखक म्हणून घालणं मी आजही नाकारते, आणि त्याची किंमत मोजली आहे. आरोग्यव्यवस्थांवरच्या मोठ्या जागतिक परिषदा मोंट्रोला झाल्या, व्हँकुव्हरला झाल्या, नागासाकीला झाल्या. तिकडचं विमानभाडं, व्हिसा आणि नोंदणी शुल्क परवडणारा नाशिकचा कनिष्ठ संशोधक विरळा. अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने 2010 साली गरीब देशांतल्या तरुण संशोधकांसाठी 'इमर्जिंग व्हॉइसेस' नावाचा उपक्रम सुरू केला तो याच जाणिवेतून. अशा वाटा आहेत, पण अरुंद आहेत. आणि त्या मांडवात आशाताईंना कुणी खुर्ची देत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण माझ्या अडलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर होतं. जागतिक आरोग्यातलं नेटवर्किंग म्हणजे खालच्याने वरच्याची ओळख करून घेणं एवढंच राहिलं, तर त्याबद्दलचं माझं जुनं मत मी मागे घेणार नाही.

आता मी पोस्टरपाशी पूर्ण दोन तास थांबते. आजूबाजूची पोस्टरं आधी वाचून येते, ज्याचं काम माझ्या कामाला लागून आहे त्याला जाऊन विचारते. मराठीत विचारता आलं तर मराठीत, नाही तर जसं येतं तशा इंग्रजीत. वाक्य अडखळतं, समोरचा थांबतो, पुढे बोलणं होतं. मराठवाड्यातली ती मैत्रीण आणि मी दर महिन्याला एकदा फोनवर बोलतो. तिच्या रजिस्टरला आता चौथा रकाना आहे, तो सुरगाण्याहून गेला: 'कार्ड कुणाजवळ'.

गेल्या महिन्यात एका एमडीच्या विद्यार्थ्याचा फोन आला. नंदुरबारकडचा. धडगाव भागातली कुटुंबं हंगामाला बाहेर पडतात, त्यातली काही आमच्या बाजूच्या मळ्यांवर येतात असं त्याने ऐकलं होतं. बिचकत बोलत होता. दोनदा "सॉरी मॅडम" म्हणाला. त्याला एका मुकादमाचा नंबर हवा होता.

"देते," मी म्हटलं, "पण आधी त्याला विचारते. तो आत्ता मळ्यात असेल, जेवायला बसला की फोन उचलतो. तोवर तुझं रजिस्टर पाठव मला. कोरं असलं तरी चालेल."